पोस्टबाईच्या घरावरचा बोजा

पोस्टबाईच्या घरातला शेवटचा सांधा बारकीनं बोटानं भरला. न्हाणीघराच्या कोपऱ्यात नळाचा पाइप असा आडवा आला होता की तिथं सांधे भरायची पत्री पोचत नव्हती. तिनं पांढरं सिमेंट बोटाच्या टोकावर घेतलं, फटीत दाबलं आणि ओल्या फडक्यानं कडा पुसून घेतली. त्या बोटाची कातडी सिमेंटनं कधीच खाल्ली होती. रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा टेकायची वेळ आली की कुठलंच मशीन तिला ओळखत नसे.

"झालं?" पोस्टबाईनं दारातून विचारलं. चपला तिनं बाहेर काढल्या होत्या.

"झालं. दोन दिवस पाणी ओतू नका."

पोस्टबाईनं लगेच आत जाऊन वहीत तारीख टाकली. चौतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसून तिनं गावाच्या तारखा टाकल्या होत्या. हात थांबला असता तरच नवल. सगळी नोकरी भाड्याच्या खोल्यांत काढून रिटायर झाल्यावर तिनं हायवेच्या कडेला हे घर बांधलं. लग्न केलं नव्हतं, मागेपुढे कुणी नव्हतं. तिचं म्हणावं असं हे घरच, दुसरं काही नाही.

बारकी अंगानं काडीसारखी, म्हणून बारकी. तिचा नवरा फरशीवाला; बावीस वर्षं तो फरशी बसवत होता आणि ती त्याच्या मागून सरकत सांधे भरत होती. तो पुढं, ती मागं. दोघांनी मिळून किती घरांची जमीन केली असेल याचा हिशेब नव्हता, आणि राहत होती पिठाच्या गिरणीमागच्या एका खोलीत, शेणानं सारवलेल्या मातीच्या जमिनीवर. याच्यावर पूर्वी दोघं हसायची.

पोस्टबाईच्या घराचं काम त्यांना दिलं होतं ठेकेदारानं. ठेकेदार म्हणजे फरशीवाल्याच्या मोठ्या बहिणीचा नवरा. घर बांधायचा सगळा मक्ता त्याचा. पोस्टबाई पैसे त्याला देणार, तो गवंड्याला, सुताराला, वायरवाल्याला आणि मेहुण्याला देणार. फरशीची मजुरी बासष्ट हजार झाली. काम चालू असताना आठ हातात आले होते. उरलेले चोपन्न 'शेवटचा हात फिरला की' द्यायचे ठरले होते.

शेवटचा हात फिरला, आणि त्याच आठवड्यात वाळू बंद झाली.

नदीतून वाळू काढायची नाही असा हुकूम आला. ट्रॅक्टर घाटावर एका ओळीत उभे राहिले. वाळू नाही म्हटल्यावर बांधकामाचा माल नाही, भिंती कमरेएवढ्या उंचीवर थांबल्या. भिंतच नाही तिथं फरशीवाल्याला कोण बोलावणार? चौकात रोज सकाळी कामाला जाणारी माणसं जमत आणि दहा वाजेपर्यंत पांगत. ऊन असं पडलं होतं की रचून ठेवलेल्या सळयांना हात लावला तर फोड यावा.

पंधरा दिवसांनी बारकी नवऱ्याबरोबर ठेकेदाराच्या घरी गेली. ओसरीवर आधीच दोघं बसले होते, एक सेंट्रिंगवाला आणि एक वायरवाला. सगळे एकाच कामाला आलेले, त्यामुळं कुणी कुणाकडं बघत नव्हतं. नणंद बाहेर आली. चहाचे चार कप ठेवले आणि बारकीला म्हणाली, "तू आत ये गं. पुरुषांत काय बसतेस?"

आत गेल्यावर तिच्यापुढं शेंगांची पाटी सरकवली. "बसल्या बसल्या तेवढ्या सोल."

बारकीनं शेंगा सोलल्या. आपलेच पैसे मागायला येऊन आपण दुसऱ्याच्या शेंगा सोलतोय, हे तिच्या मनात आलं आणि गेलं. बाहेरून ठेकेदाराचा आवाज येत होता. तो चढ्या आवाजात बोलणारा माणूस नव्हता. उलट इतका हळू बोलायचा की ऐकणाऱ्याला पुढं वाकावं लागे, आणि वाकलेल्या माणसाला भांडता येत नाही.

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" तो म्हणत होता. "गोदामाचं बांधकाम घेतलंय, त्या गोदामवाल्याकडं माझे नऊ लाख अडकलेत. रोज उद्या म्हणतो."

"पण दाजी, पोस्टबाईनं तर दिलेत ना?" फरशीवाला म्हणाला.

"दिले. खोटं कशाला बोलू? बाईनं शेवटच्या पैशापर्यंत दिले. ते मी गोदामात घातले. गोदामाचे सुटले की पहिला तू. घरचा माणूस आहेस."

"घरचा आहे म्हणूनच सगळ्यात शेवटी," वायरवाला हळूच म्हणाला. फरशीवाला हसला. ठेकेदारही हसला. पाटीतल्या शेंगा संपल्या तेव्हा बारकी उठली. नणंदेनं टरफलं गोळा करून तिच्याच हातात दिली. "जाताना उकिरड्यावर टाक."

फरशीवाल्याचा उजवा गुडघा वर्षभर फुगत होता. कामावर टायरचा तुकडा बांधून तो टेकत असे. काम थांबल्यावर गुडघ्यानं डोकं वर काढलं. एका सकाळी तो उठला आणि पाय सरळच होईना. डॉक्टरनं जाड सुई घालून पाणी काढलं. पिवळसर, घट्ट पाणी होतं. बारकीनं ते पत्र्याच्या ताटलीत धरलं. एवढं पाणी एका माणसाच्या गुडघ्यात कुठं मावत होतं, असं तिला वाटलं.

"आता गुडघा टेकायचा नाही," डॉक्टर म्हणाला. "तीन महिने. मग ऑपरेशनचं बघू. पण खरं सांगतो, पुन्हा टेकेल असं वाटत नाही."

"मग काय टेकू?" फरशीवाल्यानं विचारलं.

डॉक्टर हसला. बारकीलाही हसू यायला हवं होतं.

औषधासाठी कटर विकला. फरशी कापायचं मशीन, चार वर्षांपूर्वी हप्त्यानं घेतलेलं. शेजारच्या गावचा एक पोरगेलासा फरशीवाला घ्यायला आला. म्हणाला, चालवून दाखवा. फरशीवाला एक पाय लांब करून जमिनीवर बसला आणि एक फरशी मधोमध कापून दाखवली. केस घालायला फट राहू नये अशी सरळ. पोरानं दोन्ही तुकडे जोडून पाहिले.

"हात चांगला आहे की तुमचा. माझ्याकडं येता का रोजावर?"

मग त्याचं लक्ष गुडघ्याकडं गेलं. ठरल्यापेक्षा दोनशे जास्त देऊन तो गेला. ते दोनशे फरशीवाल्याला कटर गेल्यापेक्षा जास्त लागले.

वायरवाल्याचे पैसे सुटले, ही बातमी बारकीला चौकात समजली. तीही रोज चौकात जाऊन उभी राहत होती. कुणी धुण्याला, कुणी पोती शिवायला नेत. वायरवाला नव्या चपलांत दिसला.

"गोदामावर बोजा टाकला," तो म्हणाला. "तिथलं वायरिंग माझंच. ठेकेदाराच्या नादी पुन्हा लागलोच नाही. आठव्या दिवशी गोदामवाल्यानं रोख दिले. नाक दाबलं की तोंड उघडतं, वहिनी."

"बोजा म्हणजे?"

"कचेरीसमोर टायपिंगवाली बसते, तिला विचार."

कचेरी बसनं पाऊण तासावर होती. टायपिंगवाली पत्र्याच्या सावलीत बसे, पुढ्यात मशीन, पायाशी पाण्याची बाटली. साठीची असेल. समोरच्याचं पूर्ण ऐकायच्या आतच तिला काय ते समजत असे.

"ज्यानं घराला हात लावला त्याचा घरावर हक्क," तिनं सांगितलं. "पैसे मिळाले नाहीत तर घराच्या कागदावर तुझा बोजा चढतो. मग मालकाला घर विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. देतच नाही म्हटला तर पुढं लिलावसुद्धा होतो."

"पण मालकिणीनं पैसे दिलेत. ठेकेदारानं आम्हाला दिले नाहीत."

"ते कायदा तुला विचारत नाही."

"त्यांच्याकडं पावत्या आहेत."

"असतील. पावत्या घेऊन तिनं ठेकेदाराला धरावं. तू घराला धर." टायपिंगवालीनं चष्मा कपाळावर चढवला. "काम संपून किती दिवस झाले?"

बारकीनं बोटांवर मोजलं. "अडीच महिने. जास्तच."

"नव्वद दिवसांच्या आत आलं पाहिजे. एक्क्याण्णवाव्या दिवशी तू कोण आणि घर कोण. आणि शेवटच्या दिवसाचा पुरावा लागेल. नुसती तोंडी तारीख कारकून घेत नाही."

घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं तेव्हा गिरणी चालू होती. गिरणी चालू असली की त्यांच्या खोलीत ओरडूनच बोलावं लागे, आणि ही गोष्ट ओरडून बोलण्यासारखी नव्हती. ती थांबली. पट्टा बंद झाला, पिठाचा धूर खाली बसला, मग तिनं सगळं सांगितलं.

"वड्याचं तेल वांग्यावर," फरशीवाला म्हणाला. "त्या बाईनं काय केलं आपलं?"

"काही नाही."

"मग?"

"भाऊजींच्या नावावर काय आहे? मोटरसायकल आहे, तीही हप्त्यावर. घर तुमच्या बहिणीच्या सासऱ्याच्या नावावर. कशावर टाकणार बोजा?"

"अक्का काय म्हणेल?"

बारकीनं ताटं मांडली. बोलण्यासारखं होतं. अक्काच्या घरच्या शेंगा होत्या, उकिरडा होता. पण ते सगळं काढून मांडायला अंगात काहीतरी लागतं, ते तिला सापडेना. तिनं जेवण वाढलं. तो जेवला. दोघं झोपली.

पुढचे तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी गिरणीवाला दारात आला. भला माणूस होता. चार महिन्यांचं भाडं थकलं होतं तरी आवाज चढवला नाही. "माझा भाचा यायचाय राहायला," म्हणाला. "महिनाअखेरीस बघा काहीतरी. घाई नाही. महिनाअखेर म्हणजे अजून नऊ दिवस आहेत." जाताना त्यानं फरशीवाल्याच्या गुडघ्याची चौकशी केली.

तो गेल्यावर फरशीवाल्यानं गुडघ्याखालची उशी सारखी केली. मग म्हणाला, "कुठं सही करायची?"

"आधी तारखेचा पुरावा पाहिजे."

"तो कुठला आणणार?"

ते तिला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोस्टबाईकडं गेली. पोस्टबाई फरशी पुसत होती. उभ्यानं पुसायचं लांब दांड्याचं फडकं होतं तिच्याकडं. बारकीला पाहून तिला बरं वाटलं, हे तिच्या तोंडावर दिसलं.

"ये. पुसलंय, पण चालेल, ये. कशी लखलखतेय बघ. मी आयुष्यात अशा जमिनीवर राहिले नव्हते."

बारकी उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकून उभी राहिली. "तुमच्या वहीत आमच्या कामाची शेवटची तारीख आहे का?"

"आहे ना. कशाला हवी?"

बारकीनं वाटेत दोन-तीन उत्तरं ठरवली होती. त्यातलं एकही तोंडात आलं नाही. "लागतेय," ती म्हणाली.

"ठेकेदार देत नाहीये ना तुमचे पैसे?" पोस्टबाईनं मान हलवली. "मला शंका होतीच. थांब, मी लिहूनच देते. माझ्या सहीची चिठ्ठी दाखव त्याला. कागद समोर आला की माणूस वळणावर येतो."

तिनं खुर्चीवर बसून स्वच्छ अक्षरात लिहिलं. फरशीचं काम अमुक तारखेला पूर्ण झालं, काम उत्तम आहे, तक्रार नाही. खाली सही, सहीखाली पूर्ण नाव, तारीख. मग कागदाची बरोबर घडी घालून बारकीच्या हातात दिला.

"चहा घेतेस?"

"नको."

"घे गं."

बारकीनं चहा घेतला. चहा गोड होता एवढं तिला समजलं. कप विसळून ठेवला, चिठ्ठी पिशवीत टाकली आणि तिथूनच बस धरली. टायपिंगवालीनं चिठ्ठी वाचली, बारकीकडं पाहिलं, पुन्हा चिठ्ठी वाचली.

"मालकिणीनंच दिली?"

"हो."

"तिला सांगितलंस कशासाठी ते?"

"नाही."

टायपिंगवालीनं पुढं काही विचारलं नाही. चिठ्ठी टाचणीनं अर्जाला लावली. फरशीवाल्याची सही बारकीनं आदल्या दिवशीच कोऱ्या कागदावर घेतली होती, तिच्यावर मजकूर चढला. कारकुनानं शिक्का मारला तो एकोणनव्वदावा दिवस होता.

नोटीस रजिस्टर पोस्टानं गेली. ती घेऊन जाणारा पोस्टमन पोस्टबाईच्या हाताखाली शिकलेला होता. त्यानं सायकल भिंतीला लावली, नेहमीसारखा 'बाई, सही' म्हणाला, असं पुढं लोक सांगत. पाकीट हातात घेतल्याबरोबर बाईनं वरचा शिक्का वाचला आणि त्याला म्हणाली, "तू जा आता."

दुसऱ्या दिवशी ती गिरणीमागं आली. दळणाची वेळ होती. सगळी खोली थरथरत होती, ताटं वाजत होती. पोस्टबाई दारात उभी राहून काहीतरी म्हणाली. बारकीला ऐकू गेलं नाही. बाईनं पुन्हा तोंड उघडलं नाही. खांद्यावर पीठ बसत होतं, तशी ती उभी राहिली, पट्टा थांबेपर्यंत. दहा मिनिटं तरी गेली असतील. फरशीवाला पाय लांब करून बसला होता, त्याला उठताही येईना आणि बसवेनाही.

गिरणी थांबली.

"माझीच चिठ्ठी जोडलीस," पोस्टबाई म्हणाली.

"हो."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर दिली असती?"

पोस्टबाईनं खरंच विचार केला. "नसती दिली," ती म्हणाली.

तिनं पिशवीतून पावत्यांचा गठ्ठा काढला. एकेक पावती कागदावर डकवलेली, क्रमांक टाकलेली. तिनं तो गठ्ठा फरशीवाल्यापुढं धरला. "मोजून बघ. एक पैसा राहिला असेल तर सांग."

"बाई, आम्हाला माहीत आहे," फरशीवाला म्हणाला. "तुमचा काही दोष नाही."

"मग माझं घर का?"

बारकी म्हणाली, "दुसरं काही धरायला नव्हतं."

पोस्टबाईनं गठ्ठा पिशवीत ठेवला. जाताना दाराच्या चौकटीवर हात टेकला, तेव्हा पीठ हाताला लागलं. ते तिनं रुमालानं एकेक बोट करून पुसलं.

पोस्टबाईनं ठेकेदारावर फसवणुकीची तक्रार दिली. पावत्या असल्या म्हणजे तक्रार पटकन लिहून घेतात. ठेकेदाराला ठाण्यात नेऊन दुपारपर्यंत बाकावर बसवलं, मग सोडलं. केस चालेल, दोन वर्षं लागतील, चार लागतील. पण सगळ्या बाजारानं त्याला त्या बाकावर पाहिलं.

संध्याकाळी नणंद आली. चपला न काढता खोलीत शिरली. बारकीनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"वन्सं, पाणी."

नणंदेनं तांब्याकडं पाहिलंही नाही. ती भावाशी बोलायला आली होती.

"आठव्या वर्षी तुला ताप आला तेव्हा कडेवर घेऊन कोण गेलं होतं दवाखान्यात? चार मैल?"

"तू," फरशीवाला म्हणाला.

"पैसे बुडवणार होते का ते? थोडी कळ काढवली नाही तुला? चोरासारखं बसवलं त्यांना, बाकावर. माझ्या पोरीच्या सासरच्यांनी पाहिलं."

"अक्का, मी त्यांच्यावर काही केलं नाही. घरावर केलं."

"घर काय स्वतःच्या पायानं ठाण्यात गेलं?"

फरशीवाला भिंतीकडं तोंड करून आडवा झाला. गुडघ्याखाली उशी होती, ती घसरली. बारकीनं ती पुन्हा नीट लावली. नणंद तिच्याकडं वळली.

"तुझंच डोकं हे. माझा भाऊ असा नव्हता."

"हो," बारकी म्हणाली. "माझंच."

नणंदेला भांडण हवं होतं. ते मिळालं नाही म्हटल्यावर तिला रडू आलं, आणि रडलेलं बारकीला दिसलं म्हणून आणखीच राग आला. "आम्ही मेलो असं समजा," म्हणाली आणि गेली. तांब्या तसाच होता. बारकीनं त्यातलं पाणी माठात परत ओतलं.

तिला वाटलं होतं, आतून काहीतरी तुटेल, निदान दुखेल. सिमेंटमध्ये दिवसभर हात घातला की संध्याकाळी गरम ताटली धरली तरी चटका समजत नाही, तसं काहीसं झालं होतं. ती भांडी घासायला बसली.

महिनाअखेर उलटून गेली, पण गिरणीवाल्याचा भाचा अजून आला नव्हता म्हणून खोली टिकली होती. तीन आठवड्यांनी पोस्टबाईचा निरोप आला. पैसे तयार आहेत, कचेरीत येऊन बोजा उतरवून द्या. फरशीवाल्याला बस चढवत नव्हती, म्हणून त्यानं बारकीला मुखत्यार केलं. सकाळच्या बसला ती थांब्यावर आली तेव्हा पोस्टबाई आधीच उभी होती. गावात बस एकच. दोघी चढल्या. मागच्या बाजूला दोन जागा होत्या, त्याही शेजारी शेजारी. बसल्या. एकदा वळणावर बारकी पोस्टबाईच्या अंगावर गेली, मग तिनं खिडकीचा गज धरला, तो उतरेपर्यंत सोडला नाही.

कचेरीत कारकुनानं दोघींकडं पाहिलं. "मायलेकी का?"

"नाही," पोस्टबाई म्हणाली. "ही बोजावाली. मी घर."

तिनं पिशवीतून चोपन्न हजार काढले. बँकेची पट्टी तशीच होती. बारकीनं मोजले नाहीत.

"मोज," पोस्टबाई म्हणाली.

"असू दे."

"असू दे नाही. मोज. मी एकदा असू दे म्हणून चिठ्ठी दिली, काय झालं बघितलंस."

बारकीनं मोजले. कातडी गेलेल्या बोटांना नोटा सुटेनात. तिनं दोन वेळा पहिल्यापासून सुरुवात केली. मागं रांग खोळंबली. पोस्टबाई शेजारी उभी राहून ओठांतल्या ओठांत तिच्याबरोबर मोजत होती. तिसऱ्यांदा आकडा जमला. शिक्के झाले. कारकुनानं जाड वहीतल्या एका ओळीवर पट्टी ठेवून लाल रेघ मारली.

"आता घर माझं?" पोस्टबाईनं विचारलं.

"तुमचंच होतं की, बाई."

"तसं नाही विचारलं."

"आता मोकळं आहे," कारकून म्हणाला.

परतीच्या बसला दीड तास होता. थांब्यावर एकच बाक, त्याच्यावर अर्धी सावली. दोघी त्या अर्ध्यात बसल्या. पैसे पिशवीत, पिशवी मांडीवर, मांडीवर दोन्ही हात, अशी बारकी बसली होती. गिरणीवाल्याचे द्यायचे, दवाखान्याचे द्यायचे, खोली दुसरी बघायची. आनंद व्हायला हरकत नव्हती.

"पैसे कुठून आणले, विचारलं नाहीस," पोस्टबाई म्हणाली.

बारकीनं मान खाली घातली.

"पुढचं घर भाड्यानं दिलं. रस्त्याच्या कामावरचा इंजिनियर आलाय, त्याचं बिऱ्हाड. वर्षाचं भाडं आधीच घेतलं. त्याची पोरं आत चाकाच्या गाड्या फिरवतात. फरशी चांगली आहे म्हणतात."

"आणि तुम्ही?"

"मागची खोली आहे ना सामानाची. तिथं. एकटीला काय लागतं?"

त्या खोलीला फरशी घातली नव्हती. सामानाला कशाला, म्हणून नुसता सिमेंटचा कोबा ठेवला होता. बारकीला तो माहीत होता. खरखरीत, एका बाजूला पोकळ. पाय ठेवला की धूळ उठायची.

एक ट्रक गेला. धुरळा बसेपर्यंत दोघी डोळे मिटून होत्या.

"मी तुला माफ वगैरे केलेलं नाही," पोस्टबाई म्हणाली. "आणि तू चुकलीस असंही मला म्हणता येत नाही. रोज दोन्ही बाजूंनी विचार करते. सुटत नाही."

"माझाही नाही सुटत," बारकी म्हणाली. पण खरं म्हणजे तिनं विचार केलाच नव्हता. बरेच दिवस ती कशाचाच विचार करत नव्हती.

बस आली. पुन्हा शेजारी जागा मिळाली. गावाच्या अलीकडच्या पुलावर पोस्टबाई म्हणाली, "त्या मागच्या खोलीला फरशी घालायचीय. कोब्यावर चालून टाचा फुटल्या. नवऱ्याला जमेल?"

"त्याला आता टेकता येत नाही. मी घालीन. तो बसून सांगेल."

"आधी घातलीस कधी?"

"नाही. सांधेच भरले."

"मग दर कमी लावावा लागेल."

आता काय म्हणायचं ते बारकीला ठाऊक होतं. कुणालाही ठाऊक असतं. 'बाई, तुमच्याकडून कसले पैसे घेऊ,' एवढंच वाक्य. ते तिच्या जिभेवर तयार होतं. तिनं ते वाक्य नीट पाहिलं. मग गिरणीमागची खोली पाहिली, पत्र्याच्या ताटलीतलं पाणी पाहिलं.

"फुटाला पस्तीस," ती म्हणाली. "बसणारी फरशी तीच आहे."

पोस्टबाई तिच्याकडं वळून बघत राहिली. बसच्या पुढच्या बाजूला कुणीतरी मोठ्यानं हसत होतं.

"तीस."

"पस्तीस."

"फरशी खालून पोकळ वाजली तर?"

"काढून पुन्हा बसवीन. त्याचे पैसे नाही."

"बरं," पोस्टबाई म्हणाली. "आगाऊ अर्धे. तुझ्या हातात. मधे कुणी नाही." तिनं स्वतःचं तिकीट उलटं केलं आणि बस हलत असतानाही सरळ ओळीत लिहिलं. खोली, मापं, दर, अर्धे आगाऊ, पोकळ निघाल्यास पुन्हा. खाली सही केली. पेन बारकीला दिलं.

बारकीनं तिकीट मांडीवरच्या पैशांच्या पिशवीवर ठेवलं आणि सही केली. खड्डा आला, पेन उडालं, अक्षरांची एक वाकडी रेघ झाली.

पोस्टबाईनं तिकीट हातात घेऊन चष्म्याजवळ नेलं.

"वाचता येत नाही," ती म्हणाली आणि तिकीट परत पुढं केलं. "पुन्हा कर. बस थांबली की."

बस थांबली. बारकीनं पुन्हा केली.